मागच्या दाराची नोंद

९ जानेवारी

ती. मावशी,

नमस्कार, आणि पाया पडल्याचं काकांनाही सांग. फोन करत नाही, कारण फोनवर तू तीन वेळा "बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

दोन बातम्या आहेत. पीएचडीचा विषय मंजूर झाला : टीव्ही मालिकांची विरचनावादी समीक्षा. आई म्हणाली, "चार नातेवाइकांना सांगता येईल असं सांग." दुसरी बातमी म्हणजे इथल्या एका पेपरच्या रविवार पुरवणीत मला मालिकांवर सदर मिळालंय. सुरुवात मी तुमच्याच मालिकेपासून करणार आहे. तोंड वाकडं करू नकोस, मला इथून दिसतंय.

तुला तरी समजावते. मालिका आपल्याला जे मधोमध मांडून दाखवते, ते विरचना करणारा माणूस शेवटी बघतो. आधी बघतो ते कडेला ढकललेलं, अर्धवट सोडलेलं, आणि मालिका स्वतःच स्वतःला कुठे खोटं पाडते ते. लेखकाच्या मनात काय होतं हे आम्ही विचारतच नाही. तुमच्या मालिकेत दर दोन दिवसांनी आजी खुर्चीत बसून म्हणते, "या चार भिंती उभ्या आहेत तोवर कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही." म्हणजे आत सुरक्षित आणि बाहेर धोका. सगळी मालिका या एका जोडीवर उभी आहे. आणि मग मी बघते तर दिवाणखान्याचं मागचं दार! पहिले दोनशे भाग घरातली माणसं त्या दारातून बागेत जात होती. त्यानंतर एकदाही नाही. कुणी तिकडे बघतसुद्धा नाही. सुरक्षित घरानं आपलं बाहेर पडायचं दारच पुसून टाकलंय, आणि त्याबद्दल एक चकार शब्द नाही.

तू या धंद्यात सव्वीस वर्षं कंटिन्युइटी बघतेस. कुणाच्या कपात किती चहा होता हे तुला पाठ असतं. मग मला सांग, ते दार कुठे गेलं?

तुझी,
ठमी


१६ जानेवारी

प्रिय ठमाबाई,

अभिनंदन. तुझ्या आईला सांग, पोरगी टीव्ही बघण्यात पदवी घेतेय, नातेवाइकांना लगेच कळेल.

दार कुठेही गेलेलं नाही. आहे तिथेच आहे, फक्त ठोकून टाकलंय. आता तुझ्या विरचनेची हवा काढते, ऐक. आमचा फ्लोअर म्हणजे एक मोठी शेड. पुढे मोठं फाटक आणि मागच्या टोकाला आमच्या घराचा सेट. त्या दारामागे पाचेक फुटांची बोळ होती आणि तिथे रंगवलेल्या बागेचा पडदा टांगलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी कथेत सुनेला अपघात झाला. हॉस्पिटल हवं झालं, ते घराच्या पुढ्यात, फाटकाकडे उभं केलं. मग सामान ठेवायला जागा उरली नाही, म्हणून बोळीत कोंबलं. गाद्या, थर्माकोल, रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या. एकदा मालिकेतल्या थोरल्या जावयाने चालू शॉटमध्ये ते दार ओढलं आणि तीन गाद्या त्याच्या अंगावर आल्या. दुसऱ्या दिवशी सुताराने मागून चार खिळे मारले. बाकी काही रहस्य नाही.

आणि चार भिंती म्हणतेस, त्या तीनच आहेत. चौथ्या जागी कॅमेरा असतो.

आजीचं काम करणाऱ्या बाईंना आम्ही 'सरकार' म्हणतो, कारण तरुणपणी त्यांनी सगळ्या राण्याच केल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. कथेत चाकांच्या खुर्चीत बसतात आणि गुडघ्यांमुळे खरोखरही त्याच खुर्चीत बसतात. त्यांना तुझा प्रश्न सांगितला. म्हणाल्या, "वहीबाई, मुलीला सांगा, राणीला मागचं दार लागत नाही." माझ्या नोंदवहीमुळे सेटवर सगळे मला वहीबाईच म्हणतात.

बोळीच्या पलीकडे शेडचं मागचं लोखंडी दार आहे. संकटकाळी बाहेर पडायचं. म्हणजे असावं. गाद्यांमुळे मी ते दोन वर्षांत पाहिलेलं नाही. हे वाक्य लिहिलं आणि जरा थांबले. असो.

काका बरे आहेत. रेडिओशी भांडतात.

मावशी


३१ जानेवारी

ती. मावशी,

तू हवा काढायला गेलीस आणि उलट सोनं देऊन बसलीस! घराच्या पुढ्यात हॉस्पिटल आलं आणि म्हणून घराचं दार बंद झालं. आजारपण घराबाहेर ठेवायचं म्हणता म्हणता घर स्वतःच कोंडलं गेलं. मला आणखी काय हवं? सर म्हणाले, यावर एक अख्खं प्रकरण होईल. खरं कारण गाद्या असोत की आणखी काही, मालिकेत जे दिसतं तेच आमचं. गाद्यांना मी तळटीप देईन, रागावू नकोस.

काल एक गंमत पाहिली. सरकार बोलत असताना त्यांची निळी शाल एका वाक्यात करडी झाली. "या चार भिंती" निळ्या शालीत आणि "केसाला धक्का लागणार नाही" करड्या शालीत. सव्वीस वर्षांत तुझ्या हातून असं कधी घडलेलं नाही. काय झालं गं?

तुझी,
ठमी


१२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

उत्तराला उशीर झाला. कामाचं दडपण आहे.

शाल खराब झाली म्हणून बदलली. तशी दुसरी मिळाली नाही.

इकडे सगळं ठीक. सरकारांची तब्येत ठीक. काकांचीही ठीक. हवा चांगली आहे. तुझ्या अभ्यासाबद्दल वाचून आनंद वाटला. जेवणखाण वेळेवर करत जा.

मावशी


१८ फेब्रुवारी

ती. मावशी,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. आता रागावलीस तरी चालेल, पण मी ते मालिका वाचतात तसंच वाचणार आहे.

एक तर तू कधीही "खराब झाली" असं लिहीत नाहीस. तू लिहितेस, "चहा सांडला, डावीकडे, दोन बोटं." मी सहावीत असताना माझ्या फ्रॉकवर शाईचे किती डाग होते हे तू आईला पत्रात कळवलं होतंस. ती बाई नुसतं "खराब झाली" म्हणते म्हणजे नक्की पाणी मुरतंय. त्यात "ठीक" चार ओळींत तीन वेळा. काका ठीक? काका आयुष्यात कधी ठीक नव्हते, ते रेडिओशी भांडत असतात. आणि हवा चांगली आहे! मला तू हवेबद्दल कधीपासून लिहायला लागलीस?

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुझ्या पत्रातून दार गेलं. आधीच्या पत्रात अर्धं पान दार होतं, शेवटी तू थांबलीस आणि "असो" म्हणालीस. या पत्रात दाराचं नावच नाही. मालिकेनं केलं तेच तूही केलंस.

त्या "असो" वर मी तेव्हाच थांबायला हवं होतं. मी माझ्या प्रकरणाच्या आनंदात पुढे निघून गेले. आता विचारते, शालीला काय झालं? तुला कुणी काही बोललं का? मावशी, मला भीती वाटतेय आणि कशाची ते कळत नाही.

ठमी


२५ फेब्रुवारी

ठमे,

साप म्हणून भुई धोपटू नकोस. काही झालेलं नाही. मी काही मालिका नाही आणि माझी पत्रं म्हणजे तुझं प्रकरण नाही. मावशी थकलेली असू शकते एवढंही पुस्तकात लिहिलेलं नसतं का?

एक कर. काही दिवस आमच्या मालिकेवर लिहू नकोस. जगात मालिकांचा काही तुटवडा नाही. कारण विचारू नकोस.

मावशी


१६ मार्च

ती. मावशी,

सोबत कालच्या पुरवणीचं कात्रण आहे. तू लिहू नकोस म्हणाली होतीस. पण कारण विचारायचं नाही, आणि वर 'माझी पत्रं म्हणजे तुझं प्रकरण नाही' म्हणून चापटी मारायची, हे मला लागलं. खरं सांगते, थोडं हट्टानेच लिहिलं.

पण मी गप्प राहणार तरी कशी? सोमवारच्या भागात प्रसंगाच्या सुरुवातीला ते दार बंद आहे. मी थांबवून पाहिलं, फळीतून आलेलं खिळ्याचं टोकसुद्धा दिसतं. कुणी जागचं उठत नाही. भाग संपतो. मंगळवारी पुढचं वाक्य सुरू होतं आणि दार सताड उघडं! बाहेर बाग, ऊन, आणि सरकारांच्या खुर्चीवर उजेडाचा पट्टा. दोन वर्षांनी!

मी लिहिलंय : "दार कुणीही उघडलेलं नाही, तरी ते उघडलं. ज्या दाराचा मालिकेला विसर पडला होता ते शेवटी मालिकेच्याच चुकीतून परत आलं. याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांनी म्हणावं. मला मात्र हा त्या घरानं इतक्या दिवसांत बोललेला पहिला खरा शब्द वाटतो."

संपादक खूश आहेत. पुरवणीला एका दिवसात इतके फोन कधी आले नव्हते म्हणतात. तुझ्या हातून चूक झाली याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या लेखी ती मालिकेतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

ठमी


२२ मार्च

ठमे,

ती चूक नव्हती.

आता सगळं लिहिते. लपवायला काही उरलेलं नाही, माझी नोकरीही नाही.

वीस जानेवारीला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वरचा एक दिवा फुटला. काच खाली आली आणि तापलेला तुकडा सरकारांच्या शालीवर पडला. डाव्या खांद्यावर, वीतभर जागा. शालीने पेट घेतला, तिथून खिडकीच्या पडद्याने. कुणीतरी "आग" म्हणून ओरडलं आणि पन्नास माणसं फाटकाकडे धावली. पण मध्ये हॉस्पिटल आहे. तीन खाटा, सलाइनचे स्टँड, आणि जेमतेम हात रुंदीची वाट, तीही केबलांनी भरलेली. मी शाल ओढून पायाखाली विझवली आणि खुर्ची ढकलू लागले. पुढचं चाक केबलात अडकलं. माझ्या पुढे सगळ्यांच्या पाठी होत्या. सरकार अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वहीबाई, तुम्ही जा." त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मी मागे वळून पाहिलं. मागे ते दार होतं, चार खिळे ठोकलेलं.

लाइटवाल्याने घोंगडी टाकून पडदा विझवला. सगळा प्रकार पाच मिनिटांचा. सहाव्या मिनिटाला मिनिटकाटा घड्याळ बघत आला. आमचा प्रॉडक्शन मॅनेजर गं, तो माणसांशी बोलतच नाही, वेळेशी बोलतो. "शाल बदला, सीन पूर्ण करा." आणि आम्ही तो केला, ठमे. मला त्याचीच लाज वाटते. तू टीव्हीवर पाहिलंस ते वाक्य सरकारांनी भाजलेल्या खांद्याने म्हटलं.

मी त्याच्याकडे तीनदा गेले. बोळ मोकळी करा म्हटलं. तो म्हणाला, सामान कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर? मग अग्निशमन खात्याकडे निनावी अर्ज केला. तपासायला एक गृहस्थ आले. त्यांना फाटकातल्या केबिनमध्ये चहा मिळाला आणि ते तिथूनच परत गेले. तिसऱ्यांदा मिनिटकाटा म्हणाला, "वहीबाई, तुम्ही फक्त तुमची वही सांभाळा."

मग मी वही सांभाळली.

माझी वही म्हणजे काय ते तुला माहीत आहे. प्रसंग अर्धा आज होतो आणि उरलेला आठवड्याने. मधल्या काळात कप कुठे होता, पदर कुठल्या खांद्यावर होता हे कुणालाच आठवत नाही. वहीत असेल तेच खरं. सव्वीस वर्षांत माझ्या नोंदीवर कुणी शंका घेतली नाही. त्या प्रसंगाच्या शेवटी सगळे चेहऱ्यांचे शॉट होते, दार चौकटीत कुठेच नव्हतं. मी लिहिलं, "मागचं दार : उघडं, दोन्ही फळ्या. बाहेर ऊन." माझ्या वहीतली ती पहिली खोटी नोंद.

पुढचं शूटिंग आलं तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, दार तर ठोकलेलं आहे. मी वही पुढे केली. तो म्हणाला, "बाईंनी लिहिलंय म्हणजे उघडंच असणार." मग काय, सुताराने खिळे काढले, गाद्या ट्रकमधून गेल्या, बागेचा पडदा लागला. ऊन दाखवायला दिवा बाहेरून मारावा लागतो, म्हणून लोखंडी दाराचा गंजलेला अडसर तेल घालून उघडला. दोन वर्षांनी त्या बोळीत वारा आला. सरकारांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्या दिवशी मला शांत झोप लागली.

आणि मग तुझं सदर आलं. वाहिनीच्या ऑफिसात कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. जुना भाग काढून पाहिला आणि मला बोलावलं. "चूक की मुद्दाम?" मुद्दाम म्हटलं असतं तर मिनिटकाट्याने त्याच दिवशी दार ठोकलं असतं. मी म्हटलं, चूक झाली. सव्वीस वर्षांची वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, चूक झाली. ते म्हणाले, तुमचं वय झालं. निवृत्तीला बावीस महिने उरले होते.

तुझ्या लेखाने माझी लक्तरं वेशीवर टांगली, आणि तू त्याला सुंदर म्हणतेस. तुझं सगळं वाचन बरोबर होतं, ठमे. त्या घरातून बाहेर पडायला वाट नव्हती हे तुला माझ्याआधी दिसलं. पण तिथे माणसं बसली होती हे तुला दिसलं नाही. तुझ्या लेखी तो नुसता मजकूर होता.

या महिन्याअखेर तो प्रसंग संपतोय. एक तारखेला दार पुन्हा ठोकणार आणि गाद्या परत आणणार. सरकार त्याच खुर्चीत आहेत. माझा शब्द आता कुणी धरत नाही. तुला काही करता आलं तर बघ.

मावशी


१० एप्रिल

मावशी,

माफ कर म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. तुझं पत्र वाचल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नंतर चार ठिकाणी फोन केले. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. संपादकांना सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. ते म्हणाले, पुरावा काय? एका बाईच्या पत्रावर कुणाला दोषी धरता येत नाही. बातमी म्हणून छापणार नाहीत.

सदर मात्र माझं होतं. २९ मार्चच्या रविवारी मी पाच ओळी लिहिल्या. त्यात विरचना नाही, आत-बाहेर नाही, तळटीप नाही. "दोन वर्षांनी उघडलेलं हे दार आता पुन्हा बंद करू नका. प्रत्येक घराला मागचं दार हवं. वाहिनीला पत्र लिहा. आजच लिहा. दार उघडं ठेवा म्हणा." सर म्हणाले, ही काय समीक्षा आहे? मी म्हटलं, नाही.

लेखकाच्या मनात काय होतं हे महत्त्वाचं नाही, असं मी वर्गात मुलांना शिकवते. या पाच ओळी लिहिताना मात्र देवाला हात जोडून म्हणत होते की लोकांना माझ्या मनातलंच कळू दे.

मावशी, कुणालाही कळलं नाही! लोकांना वाटलं, मला आतली काही बातमी आहे. घर सोडून गेलेला थोरला मुलगा त्या दारातून परत येणार, म्हणून मी दार उघडं ठेवा म्हणतेय! वाहिनीकडे पोतं भरून पत्रं गेली. "थोरल्याला आणा", "आई त्या दाराकडे डोळे लावून बसू दे". एका बाईंनी म्हणे मुलासाठी स्वेटर विणून पाठवलाय. वाहिनीने लेखकाला सांगितलंय की दार उघडंच ठेवा आणि रोज एकदा तरी कॅमेऱ्यात दाखवा. एक तारीख होऊन गेली. मी कालचा भाग पाहिला. दार उघडं आहे.

माझ्या एका लेखाने तुझी नोकरी घेतली. दुसरा सगळ्यांनी चुकीचा वाचला म्हणून दार वाचलं. प्रबंधात हे कुठेही बसत नाही.

तू बोलशील तेव्हा बोल. मी वाट बघतेय.

ठमी


१७ एप्रिल

प्रिय ठमे,

परवा फ्लोअर जळाला. आधी हे वाच : सगळे बाहेर आले. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

दुपारी दोनच्या सुमाराला हॉस्पिटलच्या बाजूला तारांनी पेट घेतला. थर्माकोलची भिंत होती, जाळ छताला गेला. फाटकाकडे जायची वाट पहिल्या मिनिटातच धुराने बंद झाली. सगळी माणसं घराच्या सेटवर होती, थोरला परत येण्याचा प्रसंग चालला होता. ती सगळी मागच्या दाराने बागेच्या पडद्यातून लोखंडी दारापर्यंत गेली आणि तिथून बाहेर पडली. ऊन दाखवायचा दिवा दारातच उभा होता. लाइटवाल्याने तो उचलून बाहेर फेकला.

मला फोन आला तो सरकारांचा. मागे माणसं ओरडत होती, बंबाचा आवाज येत होता. म्हणाल्या, "वहीबाई, मी बाहेर बसलेय आणि माझ्या हातात कप आहे. कुठला हात असायला हवा होता?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी आता तिथे नसते. त्या म्हणाल्या, "डावा. नव्या मुलीची वही आत राहिली. लिहून घ्या."

काकांनी रेडिओ बंद केला, आपणहून, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा. मी तुझं पहिलं कात्रण उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या कडेला लिहायला घेतलं. सरकारांनी फोन फिरवत फिरवत एकेकाच्या हातात दिला. जो तो आपण कसे बाहेर आलो ते सांगत होता आणि मी नेहमीसारखी विचारत होते, डावा की उजवा, चप्पल होती की नाही. कुणी रडत होतं, तरी उत्तर बरोबर देत होतं.

सरकारांची खुर्ची कुणी ढकलली माहीत आहे? मिनिटकाट्याने. काल संध्याकाळी तो घरी आला होता. दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. बराच वेळ उंबऱ्यावर उभा राहिला, घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. "बाई, तो प्रसंग..." म्हणाला. मी म्हटलं, आत या, चहा घ्या. कप धरता येईना, मीच पाजला. नव्या जागी शूटिंग सुरू होईल, तुम्ही हव्यात म्हणाला. बघू म्हटलं.

तुला मी टाकून बोलले ते मागे घेत नाही. पण दार पहिल्यांदा तू पाहिलंस हेही खरं आहे, आणि माझ्या पत्रातलं भोकही तूच पाहिलंस. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. लपवालपवी मी केली आणि फटका दोघींना बसला. या सुट्टीत ये. भांडू, मग जेवू.

कात्रणाच्या कडेवर जे लिहिलं ते खाली उतरवून काढते. मूळ कागद माझ्याकडेच राहील.

१५ एप्रिल. दुपार, दोन वाजून सहा मिनिटं.
सरकार : खुर्चीत, करडी शाल, डाव्या हातात कप, अर्धा भरलेला. सांडलेला नाही.
थोरली सून : अनवाणी. पदर उजव्या खांद्यावर, एरवी डाव्या.
थोरला मुलगा : एक मिशी चिकटलेली, एक नाही.
सुतार : हातात हातोडा, का ते त्याला ठाऊक नाही.
मॅनेजर : दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर.
बाकी एकेचाळीस, सगळे बाहेर.
मागचं दार : उघडं, दोन्ही फळ्या. बाहेर ऊन.

ही नोंद खरी आहे, ठमे.

तुझी,
मावशी